वास तोच आहे

प्रीतम मगदूमना बैठका आवडत नव्हत्या. मलाही नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर राग काढणार आहे आणि तेव्हा कुणी असं म्हणायला नको, की बाई स्वतःला सोयीस्कर बाजूला ठेवून बोलतेय.

मी तृप्ती कुंभार. तासगावपासून नऊ किलोमीटरवर 'हिमाई' नावाचं शीतगृह आहे, तिथे मी सहा वर्षं सुरक्षा अधिकारी होते. प्रीतम हे जुन्या मालकांचे चिरंजीव आणि गेल्या दोन वर्षांपासून तेच मालक. हिमाईत बारा चेंबर आहेत, एकेका चेंबरमध्ये हजारो पेट्या बेदाणा. तो चार अंशांवर ठेवायचा म्हणजे अमोनिया लागतो. बाकी आता सगळं बदललंय. पेट्या उचलणाऱ्या गाड्या ड्रायव्हरशिवाय फिरतात, बेदाण्याची प्रतवारी कॅमेरे करतात आणि कॅमेऱ्यांना न कळलेला माल तेवढा बायका हातानं निवडतात. गारवा मात्र अजून अमोनियाच करतो. नळीत आहे तोवर हा वायू गुणाचा. बाहेर आला की ओल दिसेल तिथे धावतो, आणि माणसाच्या अंगात ओल असते ती डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसांत.

रोज सकाळी आठ वाजता वजनकाट्याशेजारच्या शेडमध्ये आमची उभी बैठक व्हायची. उभं अशासाठी राहायचं, की पाय दुखले की माणूस आवरतं घेईल. गोल करायचा आणि प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. पंधरा मिनिटं ठरलेली. लागायचा पाऊण तास. आमच्या माणसांचे पाय दुखत नाहीत हे ज्यानं कुणी ही पद्धत काढली त्याला माहीत नसावं. विरुपाक्ष हंचनाळे हा आमचा इलेक्ट्रिशियन, तो तिसऱ्या चेंबरच्या पंख्यापासून सुरुवात करून गोकाकच्या मेहुण्याच्या बोअरवेलपर्यंत पोचायचा. हसीना मुजावर ही प्रतवारीच्या हॉलची मुकादम, तिच्या हाताखाली चौतीस बायका. त्यांतल्या कुणाचं पोर आजारी, कुणाची गाडी चुकली, हे सगळं ती नावानिशी सांगायची. त्या बायकाही हॉलचं कुलूप उघडेपर्यंत शेडच्या कडेनं उभ्या राहून ऐकत असायच्या आणि मधून मधून भर घालायच्या.

सगळ्यात कमी बोलायचे ते ईश्वरा लोहार. कॉम्प्रेसर रूमचे ऑपरेटर, एकतीस वर्षं तिथेच. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचा नंबर आला की ते एक वाक्य बोलायचे, फार तर दोन, आणि हात मागे बांधून उभे राहायचे.

माझ्या डोक्यात जायचा तो पाऊण तास. प्रीतमसरांकडे मीच गेले आणि म्हणाले, "सर, यावर काहीतरी करा. मी रोज बोअरवेल ऐकते."

त्यांनी केलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवलमापक आला.

तांब्याएवढा काळा डबा. शेडच्या मधोमध छताला टांगला. तो बसवायला कंपनीची वेदश्री नावाची इंजिनिअर आली होती. पंचविशीची, हुशार मुलगी. तिनं आम्हाला फार छान समजावलं, आणि ते छान समजलं हेच आता खुपतं.

"जेवलात का, असं विचारलं आणि समोरचा 'जेवलो' म्हणाला," ती म्हणाली, "तर त्यात बातमी किती? जवळजवळ शून्य. कारण तो तेच म्हणणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. पण तो म्हणाला, की वाढलेलं ताट समोरून उचलून नेलं, तर तुम्ही कान टवकारता. वाक्य जितकं अनपेक्षित तितकी त्यात बातमी जास्त. हे मोजता येतं."

ते मोजायची रीत अशी. डबा आधी तीन आठवडे नुसता ऐकतो. कोण कशाबद्दल बोलतो, कोणते शब्द वापरतो, एका शब्दानंतर त्याच्या तोंडी पुढचा कोणता येतो, काल काय बोलला आणि आज काय बोलण्याची शक्यता आहे, हे शिकतो. मग तुम्ही तोंड उघडलं की तुमच्या पुढे पळत पुढचे शब्द ओळखू लागतो. अंदाज चुकत राहिला तर हिरवा दिवा लागतो, तुमचं बोलणं नोंदलं जातं आणि ज्याचं काम त्याच्या मोबाईलवर जातं. अंदाज शंभरात नव्वदच्या वर बरोबर यायला लागला की लाल दिवा आणि एक आवाज, टक्. म्हणजे पुढचं कळलं, थांबा. टक् झाल्यावरचं काही नोंदलं जात नाही. तुमच्या नावापुढे लिहिलं जातं: नवीन काही नाही.

"का नोंदत नाही?" मी विचारलं होतं.

"तुमच्या खासगीपणासाठी," वेदश्री म्हणाली. "फालतू बोलणं साठवून कशाला ठेवायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यात जास्त.

आणि काम केलं हो त्या डब्यानं. ऐकण्याचे तीन आठवडे संपल्यावर पहिल्याच आठवड्यात पाऊण तासाची अकरा मिनिटं झाली. विरुपाक्षचा मेहुणा पहिल्या दिवशीच टक् झाला. मार्च उजाडेपर्यंत आम्ही सहा मिनिटांवर आलो. लोकांनी त्याचं नाव टोक्या ठेवलं आणि त्याला फसवायचे मार्गही शोधले. विरुपाक्षला लवकरच कळलं, की 'पंखा बंद आहे' म्हटलं की टक् होतं, पण 'पंखा रुसलाय' म्हटलं की हिरवा लागतो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "रुसवा गेला, आता हट्टाला पेटलाय." हिरवा. हसीना तर एके दिवशी म्हणाली, "माझ्या हॉलमधला तिसरा कॅमेरा बेदाण्याला मनुका समजून मुजरा करतोय." तिचा कॅमेरा त्याच दुपारी दुरुस्त झाला. हसून हसून आमची पोटं दुखायची आणि तरी बैठक सहा मिनिटांत संपायची. प्रीतमसर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि लांब उभे राहून घड्याळ दाखवायचे.

अकरा मार्चला ईश्वरामामा म्हणाले, "दोन नंबर रिसीव्हरच्या वॉल्व्हला सकाळी वास येतोय. ग्लँड बदलाय पायजे."

रिसीव्हर म्हणजे पातळ अमोनिया साठवायची टाकी. तिच्या वॉल्व्हचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे फट राहू नये म्हणून भरलेलं पॅकिंग म्हणजे ग्लँड. वाक्य नवीन होतं. हिरवा दिवा लागला, काम माझ्या मोबाईलवर आलं. मी मीटर घेऊन गेले. सकाळी माझ्या दुसऱ्या दोन तपासण्या होत्या म्हणून साडेअकराला गेले. मीटरनं सात दाखवलं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सात भाग. पंचविसाला भोंगा वाजतो. मी लिहिलं: तपासले, ठीक. काम बंद केलं.

बारा मार्चला मामा म्हणाले, "दोन नंबर रिसीव्हरच्या वॉल्व्हला सकाळी वास येतोय. ग्लँड बदलाय पायजे."

टक्.

तेरा मार्चला तेच. 'दोन नंबर' एवढ्यावरच टक्. मामा थांबले नाहीत. वाक्य पूर्ण केलं, मग हात मागे बांधले. चौदाला तेच. मी प्रीतमसरांच्या कानावर घातलं. ग्लँड बदलायची म्हणजे रिसीव्हर रिकामा करायचा, चार चेंबर दोन दिवस बंद ठेवायचे, आणि ऐन हंगामात चेंबर तुडुंब भरलेले. ते म्हणाले, "मीटर सात दाखवतंय ना? नाक म्हणजे मीटर नव्हे. ऑगस्टमध्ये बघू."

मी 'बरं' म्हणाले. एवढंच म्हणाले. पुढे सहा आठवडे मी रोज ते वाक्य ऐकलं आणि रोज माझं लक्ष मामांपेक्षा घड्याळाकडे जास्त होतं, कारण मामांच्या त्या दोन वाक्यांनी आमचा विक्रम आठ सेकंदांनी हुकत होता. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा बैठक संपल्यावर विरुपाक्ष त्यांना म्हणाला, "मामा, वाक्य जरा बदलून बघा की. पंखा रुसला म्हटलं की घेतंय बघा ते."

मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करतोय का, हे बघितलं असावं. मग म्हणाले, "वास त्योच हाय. मग वाक्य का बदलू?"

"मशीनला कळंना म्हणून."

"मशीनला न्हाई कळलं तर तुमाला कळतंय न्हवं?"

मीही तिथेच होते.

मला आता जे कळतं ते तेव्हा कळायला काही मोठं शास्त्र लागत नव्हतं. डब्याच्या हिशेबानं मामांच्या वाक्यात काही उरलं नव्हतं, आणि त्याच्या रीतीनं ते खरंही होतं. कुठलंही वाक्य दहाव्यांदा ऐकलं की ते आधीच ओळखता येतं. पण एक शहाणा माणूस एकच गोष्ट दहाव्यांदा सांगतो तेव्हा त्यात एक नवीन बातमी असतेच: नऊ वेळा सांगूनही कुणी हललं नाही. ही बातमी रोज थोडी मोठी होत होती. डब्याला ती मोजता येत नव्हती, कारण ती मामांच्या शब्दांत नव्हती, आमच्या न हलण्यात होती. आणि आम्हाला मोजता येत होती, तर आम्ही मोजायचं काम डब्यावर टाकून मोकळे झालो होतो.

एप्रिल संपत आला. ऊन चढलं, तसा टाकीतला दाबही चढला. मी एकदा सकाळी पावणेआठला कॉम्प्रेसर रूममध्ये गेले. पहिल्यांदाच त्या वेळेला गेले. मामा दारात उभे होते, हातात ओला टॉवेल.

"या, तृप्तीताई. आता घ्या वास," ते म्हणाले.

आला. नाकात सुई टोचल्यासारखा आला. मीटर काढेपर्यंत रात्रभर मंद ठेवलेले पंखे पूर्ण वेगानं सुरू झाले आणि आकडा चौदावर येऊन थांबला. पंचविसाच्या खालीच.

मी घाबरले. आणि घाबरल्यावर मी सरळ काम करायचं सोडून शहाणपणा केला. खरं तर मी सुरक्षा अधिकारी. प्लांट बंद करा, असं लेखी द्यायचा अधिकार मला होता. पण प्रीतमसरांशी समोरासमोर भांडायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी टोक्यालाच फसवायचं ठरवलं. एका कागदावर एक वाक्य लिहिलं आणि मामांच्या हातात दिलं: 'दोन नंबरचा वॉल्व्ह आज फुटणार आहे.'

"ह्ये खरं न्हाई, ताई," मामा म्हणाले. "आज फुटंल का महिन्यानं, मला काय ठावं?"

"मामा, एकदाच म्हणा. हिरवा लागला की सरांच्या मोबाईलवर जाईल. मग कुणाला टाळता येणार नाही."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. आठ वाजता गोलात त्यांचा नंबर आला तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून ते वाक्य म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांना खाली बघून बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

हिरवा दिवा असा लागला की विचारू नका. भोंगे झाले, हॉल रिकामा झाला, चौतीस बायका रस्त्यापलीकडे चिंचेखाली जाऊन बसल्या. मिरजेहून तंत्रज्ञ बोलावला. तो दुपारी एकला आला आणि त्याच्या मीटरनं नऊ दाखवलं. प्रीतमसरांचा अर्धा दिवस गेला होता, दोन मोठे व्यापारी दारातून परत गेले होते. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं.

"ईश्वरा," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनीही कधी एकेरी हाक मारली नव्हती. "म्हातारपणी नाटकं सुचायला लागली का? फुटणार म्हणे. कुणी सांगितलं तुला फुटणार म्हणून?"

कागद मामांच्या खिशात होता, माझ्या अक्षरातला. त्यांनी तो काढला नाही. आणि मी? मी हातातल्या मीटरची बटणं दाबत उभी होते. हसीना माझ्याकडे बघत होती. तिला शंका आली असावी, कारण मामांच्या तोंडी 'आहे' कधी येत नाही, 'हाय' येतं.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. "मामा, चूक माझी. उद्या मी सरांना सांगते."

"नगा सांगू," ते म्हणाले. "तुमची नोकरी जाईल. पर एक झालं बगा. मी खोटं बोललो. आता माझं खरं बी कोण ऐकणार?"

दुसऱ्या दिवसापासून मामांचा नंबर आला की ते नुसते उभे राहायचे. टोक्या तीन सेकंद वाट बघायचा आणि त्यांच्या नावापुढे लिहायचा: नवीन काही नाही. बैठक चार मिनिटांवर आली. मी सरांना काही सांगितलं नाही.

बावीस मेला बैठक तीन मिनिटं पन्नास सेकंदांत संपली. तो आमचा विक्रम. प्रीतमसरांनी लगेच सगळ्यांच्या मोबाईलवर अंगठा पाठवला. बायका हॉलमध्ये गेल्या, विरुपाक्ष छतावर गेला, मी ऑफिसात. आठ वाजून नऊ मिनिटांनी ग्लँड उडाली.

जुनी पाऊण तासाची बैठक चालू असती तर त्या वेळी आम्ही सगळे शेडमध्ये मेहुण्याची बोअरवेल ऐकत असतो. चौतीसच्या चौतीस बायका उघड्यावर असत्या. हा विचार मला अजून जेवू देत नाही.

हॉल आणि कॉम्प्रेसर रूम यांच्यात एकच भिंत. पांढरा धूर भिंतीवरच्या झरोक्यांतून हॉलमध्ये उतरू लागला. हसीनानं भोंग्याची वाट पाहिली नाही. तिनं बायकांना ओढण्या भिजवून तोंडावर धरायला लावल्या आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या दारानं एकेकीला ढकलत बाहेर काढलं. पण ते दार माल नेणाऱ्या गाड्यांचं, अरुंद. चौतीस जणींना बाहेर पडायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मिळाली कारण ईश्वरामामा तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेले आणि टाकीची मुख्य चावी फिरवत बसले. ती एकोणीस फेरे फिरवावी लागते. विषारी वायूत घालायचा मुखवटा होता, पण तो माझ्या ऑफिसातल्या कपाटात होता आणि मी तो घेऊन धावत पोचले तेव्हा मामा दाराशी येऊन पडले होते. चावी बंद झाली होती.

बायका वाचल्या. मामाही वाचले, पण डावा डोळा गेला आणि घसा आतून भाजला. गळ्याला भोक पाडून नळी बसवली. डॉक्टर म्हणाले, श्वास घेता येईल, आवाज येणार नाही.

आठव्या दिवशी प्रीतमसरांनी मला बोलावलं. टेबलावर टोक्याच्या नोंदींची प्रत होती. अकरा मार्च: ईश्वरा लोहार यांनी वासाची तक्रार केली. त्याच दिवशी: तपासले, ठीक. त्यानंतर बावीस मेपर्यंत रोज एकच ओळ, ईश्वरा लोहार, नवीन काही नाही. मध्ये एक खोटा इशारा. वाक्य टोकलं गेलं ते दिवस आणि मामा गप्प उभे राहिले ते दिवस, दोन्हींची नोंद अगदी सारखी होती. मी प्रत्येक पान उलटून पाहिलं.

"चित्र स्पष्ट आहे," प्रीतमसर म्हणाले. "एकदा तक्रार आली, आपण तपासली. नंतर त्यानं पुन्हा काही सांगितलं नाही. आधी खोटी ओरड केली आणि खरी वेळ आली तेव्हा गप्प बसला. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. पोलिसांनी तसा गुन्हाही नोंदवलाय."

"सर, ते रोज सांगत होते. तुम्ही, मी, सगळ्यांनी ऐकलंय."

"नोंद कुठाय?"

"नोंद ठेवायची नाही असं तुमचा डबाच ठरवतो."

"मॅडम, शांतपणे ऐका. तुम्ही ऐकलं होतं असं म्हणालात, तर सुरक्षा अधिकारी म्हणून तुम्ही काय केलंत, हा पुढचा प्रश्न येतो. ऐकलंच नसेल तर प्रश्नच येत नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." मग अगदी मायेनं विचारलं, "चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. त्या आठवड्यात केलेली ती एकमेव धड गोष्ट. मग डब्याच्या कंपनीला फोन केला. वेदश्री म्हणाली, "ताई, टक् नंतरचं खरंच कुठेच साठत नाही. मी शोधलं. शप्पथ." तिचा आवाज रडवेला होता. मला तिचाही राग आला, पण तिनं निदान शोधलं तरी होतं.

मग मी हजेरीचं रजिस्टर घेऊन बसले. बारा मार्चपासून मामा ज्या ज्या दिवशी हजर होते ते दिवस मोजले, कागदावरचं खोटं वाक्य म्हणाले त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे. एकेचाळीस. तारखा पाठ केल्या.

अपघाताची सरकारी चौकशी जुलैत झाली, सांगलीत. चौकशी अधिकारी वाघमोडे, शेजारी टाइप करणाऱ्या एक बाई. प्रीतमसर आणि त्यांचे वकील पुढच्या रांगेत. मागे हसीना, विरुपाक्ष. कडेला चाकाच्या खुर्चीत ईश्वरामामा, गळ्यात नळी, मांडीवर पाटी. त्यांचा जबाब आधीच घेतला होता. त्यांनी पाटीवर दोन वाक्यं लिहून दिली होती, तीच. वकील म्हणाले होते, अपघातानंतर काय, कुणीही काहीही लिहील.

माझा नंबर आला. आधी मी कागदाचं सांगितलं. ते खोटं वाक्य माझं होतं, अक्षर माझं होतं आणि शेडमध्ये मामांचा अपमान झाला तेव्हा मी गप्प बसले. वकिलांनी लगेच लिहून घेतलं. घ्या म्हटलं. मग मी म्हणाले, "अकरा मार्चनंतरही ईश्वरा लोहार यांनी ही तक्रार एकेचाळीस वेळा केली. मी समोर होते. प्लांट बंद करायचा अधिकार मला होता आणि मी तो वापरला नाही. आता मी तारखा सांगते. बारा मार्च. दोन नंबर रिसीव्हरच्या वॉल्व्हला सकाळी वास येतोय. ग्लँड बदलाय पायजे. तेरा मार्च. दोन नंबर रिसीव्हरच्या वॉल्व्हला सकाळी वास येतोय. ग्लँड बदलाय पायजे. चौदा मार्च. दोन नंबर..."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"वाक्य आलं नोंदीत," वाघमोडे म्हणाले. "पुढचं सांगा."

"पुढचं हेच आहे, साहेब. सोळा मार्च. दोन नंबर रिसीव्हरच्या वॉल्व्हला सकाळी वास येतोय. ग्लँड बदलाय पायजे."

"मॅडम, एकच गोष्ट किती वेळा ऐकायची?"

"आम्हीही हेच म्हणत होतो," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "सतरा मार्च. दोन नंबर रिसीव्हरच्या वॉल्व्हला सकाळी वास येतोय. ग्लँड बदलाय पायजे."

वकील उठले, वेळेबद्दल काहीतरी म्हणाले. प्रीतमसर घड्याळ बघत होते. वाघमोड्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकले. मी थांबले नाही. अठरा, एकोणीस, वीस. प्रत्येक तारखेला पूर्ण वाक्य. कुणी लिहीत नव्हतं. पंचवीस मार्चला आले आणि वाक्य सुरू केलं, तेवढ्यात कडेनं टक टक असा आवाज आला.

मामा पाटीवर पेन्सिल आपटत होते. माझ्याकडे बघून मान हलवत होते. नाही, नाही.

"काय झालं?" वाघमोड्यांनी विचारलं.

मामांनी पाटीवर सावकाश लिहिलं. हसीना पुढे आली, तिनं पाटी उचलून साहेबांसमोर धरली आणि वाचली: "पंचवीस मार्चला वास नव्हता. त्या दिवशी मी बोललो नाही."

ज्या माणसावर गुन्हा दाखल आहे, ज्याला घसा राहिलेला नाही, तो आपल्याच बाजूचा एक दिवस कमी करून मागत होता. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

वाघमोड्यांनी पाटी हातात घेऊन स्वतः वाचली. मग मामांकडे वळून म्हणाले, "म्हणजे चाळीस?"

मामांनी मान डोलावली.

वाघमोड्यांनी पेन उचललं, टाइप करणाऱ्या बाईंना खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, पहिल्यापासून सांगा. एकेक तारीख, पूर्ण वाक्य. घाई नको."

"बारा मार्च," मी म्हणाले.